खुले पत्र: मॅडम, आमच्या गावचं माणूस बसऱ्याला कशाला गेलं?

मा. शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य

साहेब, स.न.वि.वि.

मी सांगली जिल्ह्यात द्राक्षपट्ट्यातल्या एका हायस्कूलवर इतिहास-भूगोल शिकवते, चोवीस वर्षं झाली. शाळेचं नाव लिहीत नाही कारण तक्रार शाळेबद्दल नाहीच आहे, आणि उगाच आमच्या हेडसरांना ऑफिसातून फोन नको.

गेल्या वर्षी नववीत पहिलं महायुद्ध घेत होते. घेत होते म्हणजे काय, राज्यशास्त्राचा पहिलाच धडा आहे ‘महायुद्धोत्तर राजकीय घडामोडी’, त्यात ते जाता जाता येतं. मी आपलं दरवर्षीप्रमाणे फळ्यावर २८ जून १९१४, साराजेव्हो, ऑस्ट्रियाच्या राजपुत्राचा खून, मग कोण कुणाच्या बाजूने, असं लिहित चालले होते. तर मागच्या बाकावरचा एक पोरगा, जो एरवी हजेरी सोडून तोंड उघडत नाही, तो उठून म्हणाला, "मॅडम, राजपुत्र तिकडं मेला, मग आमच्या गावचं माणूस बसऱ्याला कशाला गेलं?"

वर्ग हसला. मी पण आधी हसले, खोटं कशाला सांगू. मग विचारलं, बसरा, म्हणजे इराकमधलं ते बंदर, तुला कुठून कळलं रे? तर म्हणाला, आमच्या गावात चावडीच्या भिंतीत एक दगड आहे, आजोबा म्हणायचे की त्यातली माणसं बसऱ्याला गेलेली.

रविवारी मी आणि सहा-सात पोरं तो दगड बघायला गेलो. साहेब, सातारा-सांगली-कोकण या भागात असे दगड बऱ्याच गावांत आहेत, तुम्हीही कुठंतरी पाहिला असेल. पांढरा संगमरवर, वर लिहिलेलं असतं की या गावातून इतकी माणसं १९१४ ते १९१९ च्या महायुद्धाला गेली आणि त्यातल्या इतक्यांनी प्राण दिले. बास, एवढंच. आमच्या दगडावर कधीतरी चावडी रंगवताना कुणीतरी ऑइल पेंटचा हात मारलाय, त्यामुळे गेलेल्यांचा आकडा ३१ आहे का ३७ यावर पोरांची तिथंच भांडणं. एकाने नखाने रंग खरवडला, दुसऱ्याने खिशातला खडू काढून चुरा करून अक्षरांत भरला, तरी तो दुसरा आकडा काय शेवटपर्यंत ठरला नाही.

आता त्या पोराच्या प्रश्नाचं उत्तर देणं मला भाग होतं आणि ते पुस्तकात नव्हतं. मग मीच शोधलं, आणि शोधताना माझ्याच लक्षात आलं की मी इतकी वर्षं काय शिकवत होते, तर तारखा.

४ ऑगस्ट १९१४ ला इंग्लंड युद्धात उतरलं आणि त्याच्या मागून हिंदुस्तानही आपोआप उतरला, इथल्या कुणाला विचारायचा प्रश्नच नव्हता. पुढे नोव्हेंबरात तुर्कस्तान जर्मनीच्या बाजूने आला. इराणच्या आखाताशी, आबादानला, इंग्रजांच्या कंपनीची तेलाची रिफायनरी, त्यांच्या आरमाराची जहाजं कोळसा सोडून तेलावर जायला लागलेली, आणि त्याच वर्षी सरकारने त्या कंपनीचा निम्म्याहून जास्त हिस्सा विकत घेतलेला. ते तेल आणि आखातातला दबदबा सांभाळायला जवळची फौज कुठली, तर मुंबईहून बोटीत बसवता येते ती. नोव्हेंबर १९१४ मध्ये तुर्कांच्या ताब्यातलं बसरा घेतलं. तेल राखायला तेवढं पुरे होतं, पण मग वाटलं अजून थोडं पुढे जाऊ, बगदाद काय लांब नाही. तिथं मार खाल्ला, मागे फिरले आणि कूत नावाच्या गावात अडकले, डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६. अडकलेल्या डिव्हिजनचं नाव होतं सहावी पुणे डिव्हिजन, त्यात १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी. खायला संपलं तेव्हा घोडे कापले, आणि आपल्यातल्या कित्येकांनी घोड्याचं मटण खायला शेवटपर्यंत नकार दिला, उपाशी राहिले. शरण गेले तेव्हा जवळपास १३,००० जण कैद झाले. डिव्हिजनचे प्रमुख जनरल टाउनशेंड साहेबांना इस्तंबूलजवळच्या बेटावर आरामात ठेवलं आणि साध्या शिपायांना वाळवंटातून चालवत नेलं, त्यातले हजारो वाटेतच गेले.

हे सगळं मी वर्गात सांगितलं तेव्हा पाऊण तास कुणी पाणी प्यायला जायची परवानगी मागितली नाही. तो पोरगा शेवटी म्हणाला, "म्हणजे तेलासाठी." मी म्हटलं तेवढंच नाही, पण हो, बरंचसं. मग एक मुलगी म्हणाली की मॅडम पण ते पगारासाठी गेले असतील ना, आमचे काका पण भरती झाले ते पाऊस नव्हता म्हणून. आता सांगा, हे कारण कुठल्या गाइडमध्ये आहे?

साहेब, माझं म्हणणं एवढंच आहे की युद्ध कसं होतं हे शिकवू द्या. कोण जिंकलं, कितवा तह झाला, हे पोरं पाठ करतात आणि विसरतात. ‘पुढील विधान कारणांसह स्पष्ट करा’ आलं की चार मुद्दे लिहितात, मी चार बरोबरच्या खुणा करते, विषय संपला. दहावीचं पुस्तक वाईट नाही, उलट इतिहासलेखन, प्रसारमाध्यमं, खेळ, पर्यटन हे धडे मला आवडतात, पण त्यात महायुद्धाला जागा नाही. आणि दहावीनंतर सायन्स-कॉमर्सला गेलेली पोरं पुन्हा इतिहासाचं पुस्तक उघडतच नाहीत. म्हणजे त्यांच्या आयुष्यातला युद्धाचा सगळा अभ्यास नववीतल्या त्या धड्यात झाला. बाकीचा मोबाइलवर.

मोबाइलवरून सांगते. मे २०२५, ऑपरेशन सिंदूर चालू होतं, आमची उन्हाळ्याची सुट्टी. वर्गाच्या ग्रुपवर एका पोराने व्हिडिओ टाकला, विमान पडतंय, खाली गोळ्यांची रांग, सगळ्यांचे झेंडे आणि आगीचे इमोजी. तो व्हिडिओ गेममधला होता. तसले किती फिरले त्या चार दिवसांत, नंतर बातम्याही आल्या, पण तोवर तो शेकडो ठिकाणी पोचला असेल. मी ग्रुपवर लिहिलं की बाळांनो हा खरा नाही, तर एका पालकांचा मला फोन, मॅडम तुम्ही देशाच्या विरोधात आहात का. आता यावर काय बोलायचं. त्याच ग्रुपवर एक मुलगी आहे, तिचे वडील फौजेत, तेव्हा सीमेवर. तिने चार दिवस एक शब्द टाइप केला नाही. मला राहून राहून वाटतं की वर्गात युद्धावर खरंच बोललं जातं ना, तर निदान तिच्याकडे तरी कुणाचं लक्ष गेलं असतं.

आणि मला भाबडं शांततेचं कीर्तनही नकोय हं. युद्ध वाईट, शांतता चांगली, असं फळ्यावर लिहून सुविचार होतो, इतिहास होत नाही. पोलंडवर सप्टेंबर १९३९ मध्ये एकीकडून जर्मनी आणि १७ तारखेपासून दुसरीकडून रशिया चालून आला, तेव्हा त्या लोकांनी काय करायला हवं होतं, हा प्रश्न वर्गात टाकला तर पोरं भांडतात, आणि ते भांडण मला हवंय.

पोलंड काय आपल्याला लांब नाही. कोल्हापूरजवळ वळिवडे आहे ना, तिथं १९४३ ते ४८ सुमारे ५,००० पोलिश माणसं राहत होती, बहुतेक बायका आणि मुलं. रशियाने घरातून उचलून सैबेरियात नेलेली, जर्मनीने रशियावरच हल्ला केल्यावर सुटलेली, इराणमार्गे इथं आलेली. शाळा, चर्च, दवाखाना सगळं होतं त्यांचं तिथं. कोल्हापुरात महावीर उद्यानात त्यांचा स्मृतिस्तंभ आहे, आमची सहल दरवर्षी रंकाळा, महालक्ष्मी, पन्हाळा करते आणि त्या बागेच्या बाजूने बस जाते पण थांबत नाही. मी दोनदा सुचवलं, ट्रॅव्हल्सवाला म्हणाला, "तिथं काय आहे बघायला?"

मुंबईच्या शाळांना तर फार लांब जायलाच नको. १४ एप्रिल १९४४, व्हिक्टोरिया डॉक, फोर्ट स्टिकीन नावाचं जहाज, एकाच पोटात कापूस, दारूगोळा आणि सोन्याच्या विटा. जहाज फुटलं, शेकडो माणसं मेली, त्यात आगीशी झुंजणारे अग्निशमन दलाचे जवान होते, म्हणून दरवर्षी १४ एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह असतो. शाळेत ड्रिल होतं, सिलिंडर कसा उघडायचा दाखवतात. सप्ताह त्याच तारखेला का, ते कुणी सांगत नाही. सोलापूरकरांचे डॉ. कोटणीस १९३८ मध्ये चीनला गेले ते जपानने चीनवर लादलेल्या युद्धातल्या जखमींसाठी. माणगावला यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे, व्हिक्टोरिया क्रॉस, १० जुलै १९४४, इटलीत लढताना गेले. रायगडचा पोरगा इटलीत का मेला, हा पुन्हा त्या मागच्या बाकावरचाच प्रश्न. आणि तेव्हाही, ३ सप्टेंबर १९३९ ला, व्हाइसरॉयने कुणाला न विचारताच हिंदुस्तान युद्धात असल्याचं जाहीर केलं होतं.

परिणाम म्हटलं की पुस्तकात ‘प्रचंड जीवित व वित्तहानी झाली’ हे वाक्य असतं, ते माझ्या पेपरात दरवर्षी शंभरदा येतं. माझ्या वर्गातल्या निम्म्या घरांत द्राक्षबाग आहे. २०२४ च्या सीझनला तांबड्या समुद्रात येमेनच्या हुथी बंडखोरांनी गाझातल्या युद्धाचं कारण देत जहाजांवर हल्ले केले म्हणून युरोपचे कंटेनर सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालून निघाले, दहा-पंधरा दिवस जास्त, भाडं वाढलेलं, आणि द्राक्षाला काय, त्याला थोडीच माहीतय की आपण लांबच्या वाटेने चाललोय. एका पोराने भूगोलाच्या वहीत तो रस्ता काढला होता, मी नकाशाला पैकीच्या पैकी मार्क दिले, पण गाझात काय चाललंय आणि त्याचा बाबांच्या बागेशी काय संबंध हे त्याला कुठल्या तासाला सांगू? इतिहासाच्या का भूगोलाच्या? २०२२ ला युक्रेनचं युद्ध सुरू झालं तेव्हा सूर्यफूल तेलाचा डबा कसा भडकला ते प्रत्येक आईला पाठ आहे. पुस्तकाला मात्र नाही.

तर मागणी सांगते. नवीन धोरणाप्रमाणे पुस्तकं बदलतायत, नववी-दहावीचीही बदलतीलच. त्यात आधुनिक युद्धांचा एक धड धडा द्या, जाता जाता नको. दोनच युद्धं घ्या पण तळापर्यंत घ्या: निर्णय कुणी घेतला, पैसा कुठून आला, पेपरांनी काय छापलं, कुणाला विचारलं, कुणाला नाही, आणि नंतर दहा वर्षं कोण भोगत राहिलं. त्याला तासिका द्या, आठवड्याच्या दोन-तीन तासांत हे बसत नाही, आणि त्यातलाही एखादा इलेक्शन ड्युटीत, सर्वेक्षणात जातो ते तुम्हाला माहीतच आहे. अंतर्गत गुणांमध्ये गावाच्या पातळीवरचा प्रकल्प ठेवा, पण सायबर कॅफेतून प्रिंट काढून फाइल लावायचा नव्हे. आणि आम्हा शिक्षकांनाही शिकवा, कारण खोटा व्हिडिओ ओळखायचा कसा हे मला माझ्या पुतण्याने शिकवलं, प्रशिक्षणात नाही. शिवाय एक साधं परिपत्रक काढा की युद्धावर वर्गात चर्चा घेणं हा शिक्षकाच्या कामाचाच भाग आहे, म्हणजे पालकांचा फोन आला की मी ते पुढे करीन.

कुणी म्हणेल हे नाजूक आहे, देशादेशांची भांडणं पोरांसमोर कशाला. फ्रान्स आणि जर्मनी पाऊणशे वर्षांत तीनदा एकमेकांशी लढले, आणि त्या दोघांनी मिळून २००६ मध्ये इतिहासाचं एकच पाठ्यपुस्तक काढलं, दोन भाषांत, मजकूर तोच. आपल्याला इतकं लगेच जमेल असं मी म्हणत नाही. निदान आपलं आपण तरी लिहू.

त्या दगडाचं राहिलंच. पोरं विचारत होती की नुसता आकडा का, नावं का नाहीत. मी म्हटलं गावातल्या दगडावर जागा नसेल, बसऱ्याला मोठं स्मारक आहे तिथं असतील. शोधलं तर तिथंही गोऱ्यांची नावं आहेत, आपल्या अधिकाऱ्यांची आहेत, आणि साध्या हिंदी शिपायांचा पलटणीवार नुसता आकडा. हे स्मारक सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ कमिशनने २०२१ मध्ये अहवाल काढून अशा भेदभावाची माफीही मागितली. माफी झाली, पण आमच्या गावची नावं काय त्यातून मिळाली नाहीत.

म्हणून पोरं आता घरोघर फिरतायत, म्हाताऱ्यांना विचारतायत. आतापर्यंत तीन नावं मिळालीत, त्यातलं एक नुसतं पाळण्यातलं. गावात एका घराला अजून ‘बसऱ्याचे’ म्हणतात. का म्हणतात हे त्या घरातल्या पोराला माहीत नव्हतं, तो माझ्याच वर्गात पहिल्या बाकावर बसतो.

या कामाला मार्क द्यायला माझ्या गुणपत्रकात रकाना नाही, तेवढा मिळाला तर बघा.

आपली,
एक इतिहास शिक्षिका