बाबा, कागद लिहून नेला तरी चालतो

प्रिय आई-बाबा,
सप्रेम जय येशू.

परवा फोनवर दोघांचेही प्रश्न अर्धवट राहिले. आपला फोन लागला की आधी पाऊस, मग गुडघे, मग भाजीचा भाव, आणि मुद्द्याचं बोलायच्या आत कुणीतरी दारात येतं. म्हणून लिहून पाठवतेय. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय.

आधी बाबांचं. इतक्या वर्षांनी कन्फेशनला, म्हणजे फादरसमोर पापं कबूल करायला, जायचं तर सगळं आठवणार कसं, हा तुमचा प्रश्न. सगळं आठवायची गरजच नाही, बाबा. चर्चचा कायदा सक्ती करतो ती फक्त गंभीर पापांपुरती, म्हणजे बाप्तिस्म्यानंतर केलेली आणि आजवर न सांगितलेली. गंभीर कुठलं हे ठरवायला तीन गोष्टी एकदम लागतात: कृत्य मोठं हवं, ते मोठं आहे हे करताना पुरतं ठाऊक हवं आणि तरीही राजीखुशीने केलेलं हवं. तिन्हींपैकी एक नसेल तर ते लहान पाप. लहान पापं सांगणं चांगलंच, पण न सांगितल्याने काही अडत नाही. मिस्सेच्या सुरुवातीला आपण जी क्षमायाचना करतो तिने, प्रार्थनेने, दानधर्मानेही ती धुतली जातात. म्हणजे चाळीस वर्षांची चिडचिड, बसमध्ये कंडक्टरला दिलेल्या शिव्या, आईच्या कालवणाला ठेवलेली नावं हे सगळं यादीतून गेलं. उरतं ते एका पोस्टकार्डावर मावेल.

या उरलेल्याचा प्रकार सांगायचा आणि संख्या सांगायची. बहुतेक लोक बिचकतात ते संख्येलाच. नक्की आकडा कुणालाच माहीत नसतो. 'साधारण दहा वर्षं, महिन्यातून एखाद-दोनदा मुद्दाम रविवारची मिस्सा चुकवली' एवढं पुरतं. आजारपणात चुकलेली मिस्सा पाप नाही, ती मोजू नका. तपशीलही पाप ओळखू येईल इतकाच. दुसऱ्या कुणाचं नाव घ्यायचं नाही, आणि फादरनाही ते विचारायची परवानगी नाही. आणखी एक, हे जरा दोघांनाही लागू आहे: आपली पापं सांगायची, नवऱ्याची-बायकोची नाहीत. 'मला राग येतो, कारण ही ना फादर...' इथे थांबायचं.

मनाची तपासणी दहा आज्ञा समोर ठेवून करा, पण त्या आपल्या प्रार्थनेच्या पुस्तकातल्याच घ्या. आईच्या मैत्रिणीने दिलेल्या पुस्तिकेत क्रमांक वेगळे आहेत. बहुतेक प्रोटेस्टंट मंडळी मूर्तीची आज्ञा वेगळी मोजतात. आपण ती पहिलीतच धरतो आणि शेवटच्या लोभाच्या दोन करतो. त्यामुळे 'खून करू नको' ही त्यांची सहावी आणि आपली पाचवी. एखाद्यावर वर्षानुवर्षं डूख धरला हे सांगायला जाल, तोंडातून 'सहावी आज्ञा मोडली' निघेल, आणि फादर समजतील व्यभिचार. म्हणून आकडे नकोतच, काय केलं ते सरळ मराठीत सांगा.

आत गेल्यावर क्रम असा. क्रुसाची खूण. 'फादर, आशीर्वाद द्या, मी पाप केलंय. मागचं कन्फेशन अंदाजे अमुक वर्षांपूर्वी.' मग पापं. सगळ्यात जड असेल ते आधी सांगा. ते शेवटासाठी राखून ठेवणारा पुष्कळदा ते न सांगताच उठतो. संपलं की, 'ही आणि न आठवलेली सगळी पापं, त्यांबद्दल मला पश्चात्ताप होतो.' फादर दोन शब्द बोलतील, प्रायश्चित्त देतील, पश्चात्तापाची प्रार्थना म्हणायला सांगतील. पाठ नसेल तर 'देवा, मज पाप्यावर दया कर' हे जकातदाराचं एक वाक्य चालतं, लूकच्या अठराव्या अध्यायातलं. मग फादर हात पुढे धरून क्षमेचे शब्द उच्चारतात. 'पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने मी तुला पापांची क्षमा करतो' हा त्यातला गाभा. तुम्ही 'आमेन' म्हणायचं. पाच-सात मिनिटांचं काम आहे.

विसरलेलं पाप बाकीच्यांबरोबर माफ होतं. पुढे कधी आठवलं तर पुढच्या वेळी एका वाक्यात सांगायचं, बस. मुद्दाम लपवलेलं मात्र सगळं नासवतं. एक गंभीर पाप लाजेने गिळलं, तर त्या वेळी सांगितलेल्या इतर पापांचीही क्षमा होत नाही, आणि तिथपासूनचं सगळं पुन्हा सांगावं लागतं. तेव्हा लाज वाटली तर तसंच म्हणा, 'फादर, एक गोष्ट सांगायला जड जातेय.' पुढची वाट ते काढून देतात, त्यांना त्याचं शिक्षण असतं.

आता बाबा, तुम्हाला ऐकू न येण्याचं. कागदावर लिहून नेता येतं, फादरच्या हातात देता येतं, नंतर परत घेऊन जाळून टाकायचा. कन्फेशनची ती जाळीची लाकडी पेटी सक्तीची नाही. सोळाव्या शतकात मिलानचे आर्चबिशप कार्लो बोरोमेओ यांनी ती रूढ केली. 1973 च्या नव्या विधीपासून समोरासमोर बसायचीही सोय आहे. ऑफिसात आधी सांगून ठेवा, एखादी खोली मिळेल, खुर्ची मिळेल. गुडघे टेकण्याचा हट्ट नको. मोठ्याने बोलावं लागेल आणि बाहेर ऐकू जाईल ही धास्ती असेल तर हेही ध्यानात असू द्या, की चुकून कानावर पडलेल्या माणसालाही ते गुप्त ठेवण्याचं बंधन आहे. फादरना तर इतकं कडक, की त्यांनी ते उघडपणे मोडलं तर त्या क्षणी ते चर्चमधून बहिष्कृत होतात आणि तो बहिष्कार उठवायचा अधिकार फक्त रोमला. न्यायालयात नाही, पोलिसांपुढे नाही, दुसऱ्याचा जीव वाचवायलाही नाही.

कालपर्यंत वाडीत चड्डीवर क्रिकेट खेळणाऱ्या आणि आता फादर झालेल्या पोराला ही पापं कशी सांगायची, हे तुम्ही बोलला नाहीत, पण मला कळलं. नका सांगू. शेजारच्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) जा, अनोळखी फादर निवडा, क्षमा तीच. फक्त उपवासकाळातली शनिवार संध्याकाळ टाळा. मागे वीस माणसं उभी असली की प्रत्येकाचीच घाई होते. आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळच्या मिस्सेनंतर विचारलंत तर बहुतेक लगेच होतं.

प्रायश्चित्त म्हणून दिलेली प्रार्थना करायची राहिली तरी क्षमा रद्द होत नाही, आठवल्यावर करायची. झेपणार नसेल तर तिथेच बदलून मागा. पण एक बाब प्रार्थनेने सुटत नाही, ती म्हणजे दुसऱ्याचं नुकसान. बांध दोन हात सरकवला असेल तर क्षमा झाली तरी बांध तिथेच असतो. तो मागे घ्यावा लागतो किंवा मोल चुकतं करावं लागतं. नाव उघड न करता केलं तरी चालतं. मालक वारला असेल तर त्याच्या वारसांना, वारसही सापडत नसतील तर गरिबांना. शुभवर्तमानातल्या जक्कयाने तर चौपट परत करायची तयारी दाखवली होती. पापाची क्षमा आणि पापाने मागे ठेवलेली नासधूस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शोधनस्थानाची, म्हणजे मेल्यानंतरच्या शुद्धीची, शिकवण याच दुसऱ्या गोष्टीबद्दल आहे, आणि शिक्षेत सूट मिळते ती इंडल्जन्सही. तिचाच बाजार मांडला गेला म्हणून 1517 मध्ये मार्टिन ल्यूथर उखडला, आणि त्या बाबतीत तो बरोबर होता. पोप पायस पाचवे यांनी 1567 मध्ये पैशांशी बांधलेल्या अशा सगळ्या सवलती रद्द केल्या. आता नोव्हेंबरच्या 1 ते 8 तारखेला कबरस्तानात जाऊन मृतांसाठी प्रार्थना केली की ही सूट त्यांच्यासाठी मिळवता येते. जोडीला कन्फेशन, ख्रिस्तप्रसाद आणि पोपच्या हेतूंसाठी प्रार्थना हवी, शिवाय मनाला कुठल्याच पापाची ओढ नको. ही शेवटची अट वाचून भले भले गप्प होतात.

आता आई, तुझं.

पुस्तिकावाल्या त्या बाई विचारतात, 'तुमचं तारण झालंय का?' त्यांना सांग, संत पौलाच्या पत्रांत तिन्ही काळ आहेत. रोमकरांना आठव्या अध्यायात तो म्हणतो आपलं तारण झालंय. करिंथकरांना पहिल्या पत्रात म्हणतो तारण होत आहे. आणि पुन्हा रोमकरांनाच पाचव्या अध्यायात, होईल. त्या बाई पहिल्यावर थांबतात, आपण तिन्ही धरतो. कृपा मजुरी नाही, फुकट आहे, यावर आता भांडणही उरलेलं नाही. 31 ऑक्टोबर 1999 ला आउग्सबुर्ग इथे कॅथलिक चर्च आणि लूथरन संघ यांनी तशी संयुक्त घोषणा सही करून जाहीर केली. आणि 'फादर कशाला, थेट देवाला सांगा' याला उत्तर असं, की थेट देवाला तर रोजच सांगायचं. पण 'ज्यांच्या पापांची तुम्ही क्षमा कराल त्यांना क्षमा होईल' हे पुनरुत्थित प्रभू माणसांना उद्देशून बोलला, योहानाच्या विसाव्या अध्यायात. बाईंशी वाद घालू नकोस. चहा दे, त्या मनाने चांगल्या आहेत.

सांगून झालेली पापं पुन्हा सांगावीत का, हा तुझा दुसरा प्रश्न. नाही. स्पष्ट नाही. पुन्हा पुन्हा शंका काढण्याच्या या सवयीला 'स्क्रुप्युलस' या लॅटिन शब्दावरून नाव पडलं, त्याचा अर्थ बारीक टोकदार खडा. चपलेत शिरलेला. दिसत नाही, प्रत्येक पावलाला टोचतो, आणि चप्पल दहा वेळा झटकली तरी वाटतं तो आहेच. कन्फेशन ऐकणाऱ्या धर्मगुरूंचे आश्रयदाते संत आल्फोन्सो लिगोरी स्वतः याच खड्याने हैराण होते. यावर जुना उपाय एकच: एकच फादर ठरवायचे, त्यांनी 'हे पुन्हा सांगायचं नाही' म्हटलं की मन काहीही म्हणो, त्यांचं ऐकायचं. दर वेळी वेगळ्या फादरकडे जाऊन तेच विचारलं की खडा वाढतो. बाबांनी अनोळखी फादर शोधावेत, तू मात्र ओळखीचेच धर, दोघांचं दुखणं उलटं आहे.

मत्तयच्या शुभवर्तमानात प्रभूच्या प्रार्थनेत शब्द 'ऋण' आहे, 'तू आमची ऋणे आम्हांस सोड'. तुला हिशेब आवडतो म्हणून त्याच पुस्तकाच्या अठराव्या अध्यायातला हिशेब करून दाखवते. एक दिनार म्हणजे एका दिवसाची मजुरी. एक तालांत म्हणजे सुमारे सहा हजार दिनार. तिथल्या दृष्टान्तातल्या नोकरावर दहा हजार तालांतांचं देणं, म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी. वर्षाला तीनशे दिवस राबला तरी दोन लाख वर्षं. 'मला वागवून घ्या, सगळं फेडतो' असं तो म्हणतो ते ऐकायला हसू येतं. धनी ते एका शब्दात सोडतो. बाहेर पडल्या पडल्या हा ज्याचा गळा धरतो त्याचं देणं शंभर दिनार, चार महिन्यांची मजुरी. तेही खरंच देणं आहे, खोटं नाही. तुझ्याशी जे वाईट वागले, त्यांनी केलं तेही खरंच होतं. क्षमा म्हणजे ते झालंच नाही असं म्हणणं नव्हे, त्यांना पुन्हा घरात घेणं नव्हे, छातीत दुखायचं थांबणंही नव्हे. वसुली सोडून देणं, इतकंच. मन तयार नसेल तर त्यांच्या नावाने रोज एक 'हे आमच्या पित्या' म्हण, दात-ओठ खाऊन म्हटलंस तरी चालेल.

दोघांसाठी आता घरातलं. उपवासकाळातल्या उपासाचं बंधन वयाचं साठावं वर्ष लागलं, म्हणजे एकोणसाठ पूर्ण झाली, की संपतं, तेव्हा साखरेच्या गोळ्या घेऊन उपाशी राहणं कृपा करून बंद करा. ख्रिस्तप्रसादाआधीचा तासाभराचा उपासही वृद्धांना आणि आजाऱ्यांना नाही. पाणी आणि औषध तर कुणालाच वर्ज्य नाही.

आणि तेल. तुम्ही अजून त्याला 'शेवटचं तेल' म्हणता, म्हणून फादरना बोलवायचं शेवटपर्यंत टाळता. तो रुग्णांचा संस्कार आहे. 1972 पासून कपाळावर आणि दोन्ही हातांना लावतात. नुसत्या म्हातारपणाच्या अशक्तपणातही घेता येतो, मोठ्या ऑपरेशनआधीही, आणि प्रकृती पुन्हा ढासळली तर परत. माणूस शुद्धीवर असताना घेतला तर कन्फेशनही करता येतं, ते खरं महत्त्वाचं. बेशुद्धीत ते जमत नाही. फोनवर किंवा व्हॉट्सअॅपवर कन्फेशन होत नाही, तेव्हा माझ्यामार्फत काही जुळवायला जाऊ नका. अवघड वेळी फादर पोहोचलेच नाहीत तर देवावरच्या प्रेमापोटी केलेला पश्चात्ताप आणि जमेल तेव्हा कन्फेशन करीन हा निश्चय, एवढ्यावर गंभीर पापाचीही क्षमा होते. मात्र दुसऱ्या दिवशी फादर आले तर सांगायचं.

पहिल्या शुक्रवारी फादर घरी ख्रिस्तप्रसाद घेऊन येतील तेव्हा छोट्या टेबलावर पांढरं कापड, क्रूस, दोन मेणबत्त्या आणि पेलाभर पाणी ठेव, आई. पंखा बंद कर, मेणबत्त्या विझतात. कन्फेशन त्याच वेळी करायचं असेल तर आधी फोन करून सांग, म्हणजे ते वेळ काढून येतील आणि तू स्वयंपाकघरात जाऊन दार लोटून बसशील. बाबांच्या कानातल्या मशीनची बॅटरी आदल्या रात्रीच बदल. नवी पाकिटं कपाटात वरच्या खणात आहेत, गोळ्यांच्या डब्यामागे.

तुमची,
धाकटी