मेंदूला सौम्य वीजप्रवाह देणाऱ्या यंत्रांविषयी आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय आरोग्यमंत्री,
स. न. वि. वि.

डोक्याला पट्टा बांधून सौम्य वीजप्रवाह देणारी, 'मूड सुधारा, शांत झोपा' म्हणणारी यंत्रं आता कोणीही घरबसल्या मागवू शकतो. माझ्या भावाला नैराश्याचा आजार आहे, म्हणून मी या विषयात शिरलो. यंत्रांवर बंदी घाला, असं माझं म्हणणं नाही. मुख्य मागणी ही आहे: खोक्यावर 'रिलॅक्सेशन' छापलेलं असो की 'वेलनेस', मेंदूला प्रवाह देणारं प्रत्येक यंत्र वैद्यकीय उपकरणाच्या कसोटीवर तपासलं जावं. युरोपीय संघाने २०२२ मध्ये अशा बिगरवैद्यकीय यंत्रांनाही सर्वाधिक जोखमीच्या वर्गात घातलं आहे.

हे 'शॉक' नव्हेत, हेही लोकांना सांगायला हवं. शॉक ट्रीटमेंटमध्ये भूल देऊन ८०० मिलिअँपिअरच्या आसपासचा प्रवाह सोडतात आणि मुद्दाम फिट आणतात. इथे प्रवाह एक-दोन मिलिअँपिअरचा. मिठाच्या पाण्यात भिजवलेले स्पंज कपाळावर बसवतात, कातडीला मुंग्या येतात आणि अर्ध्या तासात पेशंट उठून कामाला लागतो. पण स्पंज वाळला तर तिथली कातडी भाजू शकते. बायपोलर रुग्णांमध्ये, म्हणजे ज्यांना नैराश्य आणि उन्माद आळीपाळीने येतात त्यांच्यात, उन्माद उफाळल्याच्याही नोंदी आहेत.

गुण येतो का, हा प्रश्न मात्र अवघड आहे. चाचणीत काही रुग्णांना खोटा उपचार देतात. सुरुवातीला क्षणभर प्रवाह सोडायचा, मुंग्या येऊ द्यायच्या आणि मग पेशंटच्या नकळत बंद करायचा. त्यांच्यातल्याही अनेकांना बरं वाटू लागतं! म्हणून 'मला फरक पडला' एवढ्यावर यंत्र विकू देणं धोक्याचं आहे. २०२३ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने छापलेल्या जर्मनीतल्या चाचणीत, औषधं चालू असलेल्या रुग्णांमध्ये खरा प्रवाह खोट्याहून सरस ठरला नाही. उलट २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, घरी उपचार घेण्याच्या १० आठवड्यांच्या चाचणीत खऱ्या प्रवाहाने सुमारे ४५ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले, खोट्याने २२ टक्के. तिथे रुग्णांवर व्हिडिओ कॉलवरून लक्ष ठेवलं जात होतं. घरी पार्सल येतं तेव्हा असं लक्ष कोण ठेवणार?

शिवाय सगळी यंत्रं एकाच जातीची नाहीत. कानाच्या पाळ्यांना चिमटे लावून प्रवाह देण्याची एक वेगळी पद्धत आहे. त्या प्रकारच्या यंत्रांना अमेरिकेच्या एफडीए या औषध-उपकरण नियामक संस्थेने २०१९ मध्ये चिंता आणि निद्रानाशासाठी थोडी मोकळीक दिली, नैराश्यासाठी मात्र पुराव्याची कडक अट कायम ठेवली. आजारागणिक असा वेगळा विचार आपल्या नियमांतही असावा.

मला सर्वांत जास्त भीती वाटते ती यंत्राच्या भरवशावर गोळ्या परस्पर बंद करणाऱ्यांची. तीव्र नैराश्यात वाया गेलेले काही आठवडे जिवावर बेतू शकतात. म्हणून डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विक्री नको, खोक्यावर 'औषधं स्वतःहून थांबवू नका' हे ठळक अक्षरांत हवं आणि भाजण्याच्या तक्रारी नोंदवायला एक ठिकाण हवं. आणि ज्यांना औषधं सोसत नाहीत, त्यांच्यासाठी सरकारी रुग्णालयांत देखरेखीखाली हा उपचार सुरू करा. त्यांना पर्याय फार थोडे आहेत.

आपला,
नैराश्याच्या एका रुग्णाचा भाऊ