पस्तिशीत बँक सोडणारी बाई

सायली बाळा,

परवा फोनवर मी तुझ्यावर ओरडले, ते नको होतं. तू बँक सोडून मैत्रिणीबरोबर भागीदारीत धंदा काढायचं म्हणालीस आणि माझ्या डोळ्यापुढे पीएफ आणि मेडिकलच आलं, मग मी बोलतच सुटले की या वयात कुणी चांगली नोकरी सोडतं का. रात्री झोपच लागेना. उठून मशीनवर बसले, एका ब्लाउजची बाही चुकली होती ती उसवायला घेतली, आणि एकेक टाका काढताना मला ती नायजेरियाची बाई आठवली. फोलोरुन्शो अलाकिजा. मागे बरेच दिवस मी तिच्याबद्दल मिळेल ते वाचत होते, तुला सांगायचं राहूनच गेलं.

1951 चा तिचा जन्म, लागोसजवळच्या इकोरोडूचा. वडिलांच्या आठ बायका आणि बावन्न मुलं! त्यातली ही एक. सात वर्षांची असताना तिला शिकायला पार वेल्समधे पाठवलं, चार वर्षं तिथे. पुढे लंडनला सेक्रेटरीचा कोर्स केला, पण युनिवर्सिटीची पायरी ती चढली नाही आणि हे ती स्वतःच अभिमानाने सांगते. तू तुझ्या डिप्लोमाबद्दल किती कमीपणा वाटून घेतेस ना, म्हणून हे मुद्दाम लिहिलं. 1974 ला सेक्रेटरी म्हणून लागली, मग बँकेत गेली, सगळी मिळून 12 वर्षं नोकरी. लग्न झालेलं, मुलं झालेली. आणि पस्तिशीच्या आसपास ते सगळं सोडून लंडनला कपडे डिझाइन करायला शिकली नि लागोसला येऊन सुप्रीम स्टिचेस नावाने शिवणाचं दुकान टाकलं. 1986 ला देशातली बेस्ट डिझायनर ठरली. हे वाचून माझ्या अंगावर काटा आला होता गं, कारण मला माहितीय पहिलं गिऱ्हाईक परत येईपर्यंत पोटात काय होतं ते.

मोठमोठ्या घरच्या बायका तिच्याकडे कपडे शिवायच्या, राष्ट्राध्यक्षांची बायको मरियम बाबांगिदासुद्धा. तिथूनच वरपर्यंत ओळखी झाल्या आणि त्याचा उपयोग झाला, हे मी तुझ्यापासून लपवणार नाही. ओळखीवर तेल शोधायचं सरकारी लायसन्स मिळतं तेव्हा बाकीच्या कितीतरी जणांना ते मिळत नाही, हे मला खटकतंच. पण पुढचं मात्र तिने स्वतः निभावलं. 1993 ला तिच्या फॅम्फा कंपनीला समुद्रातला एक तेलाचा ब्लॉक, म्हणजे तेल शोधायला ठरवून दिलेला पट्टा, मिळाला, किनाऱ्यापासून 110 किलोमीटर आत, पाणी जवळजवळ दीड किलोमीटर खोल. एवढ्या खोलात कोण पैसा घालणार म्हणून तो कुणाला नकोच होता. तेल काढायचं तर मोठी कंपनी पाहिजे, ती शोधण्यात तीन वर्षं गेली, मग 1996 ला टेक्साको या अमेरिकन तेल कंपनीच्या एका कंपनीशी करार झाला, 40 टक्के त्यांना आणि 60 टक्के हिच्याकडे.

आणि तेल लागलं! अगबामी म्हणतात त्या क्षेत्राला, भरात असताना दिवसाला अडीच लाख बॅरल निघायचं तिथून. तेल लागल्यावर सरकारने हिच्या हिश्श्यातले आधी 40 टक्के घेतले, मग अजून 10, म्हणजे 60 चे राहिले 10. ती कोर्टात गेली. नवरा वकील, घरात चार मुलं, समोर अख्खं सरकार. 2012 ला सुप्रीम कोर्टाने तिच्या बाजूने निकाल दिला आणि गेलेले 50 टक्के परत मिळाले. मग फोर्ब्सने आफ्रिकेतल्या सगळ्यात श्रीमंत बायकांत तिचं नाव घातलं. मला त्या यादीपेक्षा तिने एवढी वर्षं आपल्या हक्काचा कागद धरून ठेवला हे मोठं वाटतं.

तुला माहितीच आहे मी असं का म्हणते. तुझे बाबा गेले तेव्हा दुकान त्यांच्या घामाचं होतं पण कागदावर त्यांचं नाव नव्हतं, आणि तेराव्यानंतर आपल्याच माणसांनी कुलूप बदललं. तू नऊ वर्षांची होतीस, माझा पदर धरून उभी होतीस त्या शटरसमोर. मी भांडले नाही, मशीन घेऊन घरी आले. तिकडे नायजेरियातही बऱ्याच ठिकाणी नवरा गेला की त्याचे नातेवाईक घर-जमीन ताब्यात घेतात, बाईला काही ठेवत नाहीत. अलाकिजाने 2008 ला रोज ऑफ शॅरन फाउंडेशन काढलं ते अशाच विधवांसाठी, त्यांना छोट्या धंद्याला पैसे, पोरांना शिक्षणाची मदत, अनाथ मुलांनाही. हे वाचलं त्या दिवशी मी मशीन थांबवून बराच वेळ नुसती बसून होते.

तर नोकरी सोड, माझी ना नाही. फक्त तुझ्या मैत्रिणीबरोबर तोंडी काही ठरवू नकोस, ती कितीही गुणी असू दे. कुणाचे किती टक्के, पैसे कुणी घातले, एकीला बाहेर पडायचं झालं तर काय, सगळं लिहून सह्या करा.

रविवारी येच. येताना भागीदारीचा तो कच्चा कागद आण, मी चष्मा लावून ओळ न् ओळ वाचणार आहे. आणि ती निळी साडी पण आण, फॉल सुटलाय ना तिचा.

तुझी,
आई