सुमीत लाईट आहे का

नागपूर,
९ डिसेंबर २०२५

प्रिय बंड्या,

परवा फोनवर तू म्हणालास, “पावणेचार वर्षं झाली बे, अजून तेच पाहून राहिला? सोड आता.” तेवढ्यात तुला ऑफिसातून कुणीतरी हाक मारली आणि बोलणं तिथंच तुटलं. तू काळजीनेच म्हणालास, हे कळतं मला. पण त्याचं उत्तर फोनवर देण्यासारखं नाही, म्हणून कागद घेऊन बसलोय. इथे थंडी चांगलीच पडली आहे, अधिवेशनामुळे बर्डीकडचे रस्ते अडवलेले आहेत, बाहेर पडायची सोय नाही. पत्र लांबेल, सावकाश वाच.

हे रशिया-युक्रेन युद्ध आमच्या घरात शिरलं ते बाबांमुळे. आपण दोघंही डिफेन्सच्या क्वार्टरमधली पोरं. फॅक्टरीच्या भोंग्यावर आपल्या घरचं घड्याळ चालायचं, पण आपले बाप आत काय बनवतात हे ना त्यांनी सांगितलं, ना आपण विचारलं. बाबा चौतीस वर्षं अंबाझरीच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत टर्नर होते, एवढंच मला ठाऊक. २०२२ च्या उन्हाळ्यात टीव्हीवर सारखं १५५ एमएमचे गोळे, १५५ एमएमचे गोळे असं ऐकू यायला लागलं. एका रात्री जेवण झाल्यावर बाबांनी समोरचा स्टीलचा पेला उलटा केला, आईच्या शिवणाच्या डब्यातला दोरा मागवला आणि काठापासून बोटभर वर चार वेढे दिले. म्हणाले, “इथे तांब्याचा पट्टा बसवतात. तोफेच्या नळीत आतून पीळ कापलेले असतात. हा पट्टा त्यात रुतला की गोळा स्वतःभोवती फिरत बाहेर पडतो. पट्टा सैल राहिला तर गोळा भलतीकडे जातो.” मग वजन सांगितलं. एक गोळा ४३ किलोच्या आसपास, म्हणजे घरातल्या भरलेल्या सिलेंडरच्या साधारण दीडपट. आपल्याकडे नुसता पोकळ गोळा व्हायचा, दारू भरायचं काम भद्रावतीला. वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी मला माझ्या बापाचं काम कळलं, बंड्या, तेही एका परमुलखातल्या युद्धामुळे.

तेव्हापासून बाबा युद्धाच्या बातम्या वेगळ्याच कानांनी ऐकतात. मार्च २०२३ मध्ये युरोपीय संघाने बारा महिन्यांत दहा लाख गोळे युक्रेनला द्यायचं कबूल केलं. सगळे वार्ताहर टाळ्या वाजवत होते आणि बाबा शांतपणे विचारत होते, “फोर्जिंगचे प्रेस किती आहेत त्यांच्याकडे? टर्नर किती? दारू कुठून आणणार?” पुढच्या मार्चपर्यंत निम्म्याच्या थोडे वर गेले असतील. मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की आघाडी मागे का सरकते. कुठल्या राजधानीत कोण काय बोललं याच्याइतकीच ती एखाद्या शेडमधल्या पाळ्यांवरही अवलंबून असते.

सप्टेंबर २०२४ मध्ये बातमी आली की भारतात बनलेले गोळे युरोपातल्या खरेदीदारांमार्फत युक्रेनला पोचले. आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने ती बातमी तर्कावर आधारलेली आणि दिशाभूल करणारी असल्याचं सांगितलं. बाबांनी पेपर दोनदा वाचला, घडी घातली आणि बराच वेळ अंगणात बसून राहिले. मी जवळ गेलो तर एवढंच म्हणाले, “गोळ्यावर लॉट नंबर असतो. कुठे पडणार ते कोणी लिहीत नाही.” त्या संध्याकाळी ते जेवले नाहीत. ते का जेवले नाहीत हे मी अजूनही विचारलेलं नाही.

माझं स्वतःचं सांगायचं तर मी नकाशात अडकलो होतो. रोज रात्री दहानंतर मोबाईलवर नकाशा उघडायचा, रशियाच्या ताब्याचा लाल रंग किती सरकला ते बघायचं. बखमुत शहर घ्यायला रशियाला दहा महिने लागले. अवदिवका फेब्रुवारी २०२४ मध्ये पडलं. आता पोक्रोव्स्क, युद्धाआधी साठेक हजार वस्तीचं, म्हणजे आपल्या नागपूरजवळच्या वाडी शहराएवढं गाव. त्याच्यासाठी वर्षाहून जास्त काळ लढाई चालली आहे. रशिया म्हणतो घेतलं, युक्रेन म्हणतं अजून लढतोय. नोव्हेंबर २०२२ मध्ये खेरसन शहर रशियाच्या ताब्यातून सुटलं तेव्हा मी बाबांना झोपेतून उठवून सांगितलं होतं. चौकात म्हाताऱ्या बाया सैनिकांच्या गळ्यात पडून रडत होत्या. सात महिन्यांनी, ६ जून २०२३ ला, खेरसनच्याच नीपर नदीवरचं काखोव्का धरण फुटलं. तुला तिकडे कोयना रोजच्या बोलण्यातली, तर कोयनेच्या सहापट पाणी धर त्या जलाशयाचं. खेरसनच्या खालच्या वस्त्या छपरापर्यंत बुडाल्या. नकाशावर मात्र त्या दिवशी लाल रंग तिथल्या तिथेच होता. मी दोन-तीन दिवस तो उघडला नाही.

आमच्या शेजारच्या काकूंची मुलगी तुला आठवते? तू कोल्हापूरला गेलास तेव्हा दोन वेण्या घालून शाळेत जायची. ती एमबीबीएसला सुमीला होती. सुमी युक्रेनच्या ईशान्येला, रशियाच्या सीमेपासून अगदी जवळ. युद्ध सुरू झालं आणि आपली सातशेच्या आसपास पोरं तिथे अडकली. नळ बंद, लाईट बंद. वसतिगृहाच्या गच्चीवरचा बर्फ बादलीत भरून वितळवायचा आणि तेच पाणी उकळून प्यायचं. काकू इकडे देवघरासमोरून उठत नव्हत्या. अखेर ८ मार्चला बसने पोल्टाव्हा, तिथून आगगाडीने पश्चिमेकडे, पोलंड, मग दिल्ली. नागपूरला विमानतळावर आम्ही सगळे गेलो होतो. तिच्या पाठीवर एक सॅक होती आणि हातात प्लास्टिकच्या पिशवीत अॅनॅटॉमीची वही. बाकी सगळं सुमीलाच राहिलं.

आता ती इथे एका दवाखान्यात काम करते. तिथल्या तिच्या पूर्वीच्या घरमालकीण आजी अजून सुमीतच आहेत. रोज रात्री ड्यूटीवरून आली की ती त्यांना एकच निरोप पाठवते: लाईट आहे का? हिवाळा आला की रशिया वीजकेंद्रांवर मारा करतो, हे २०२२ च्या ऑक्टोबरपासून दरवर्षी चाललंय. तिकडे थंडीत लाईट जाणं म्हणजे हीटर बंद आणि बहुमजली इमारतीत पाणीही वर चढत नाही. यंदा १३ एप्रिलला, त्यांच्या झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, भर सकाळी सुमीच्या मध्यवर्ती भागात दोन क्षेपणास्त्रं पडली. चौतीसहून जास्त माणसं गेली, त्यात लहान मुलंही होती. दोनांपैकी एक क्षेपणास्त्र तिच्या विद्यापीठाच्या सभागृहावरच पडलं. त्या दिवशी उत्तर यायला पाच तास लागले. ते पाच तास ती आमच्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होती, आई तिच्यासाठी चहा करायची, तो गार व्हायचा, आई पुन्हा करायची. आजी सुखरूप होत्या. त्या सकाळी त्यांचे गुडघे दुखत होते म्हणून प्रार्थनेला गेल्या नव्हत्या.

आता तुझा मुद्दा. तू म्हणतोस, रशिया आपला जुना मित्र, ७१ साली तोच उभा राहिला. बाबाही हेच म्हणतात आणि मला ते मान्य आहे. ऑगस्ट १९७१ चा करार, सुरक्षा परिषदेत वापरलेले नकाराधिकार, हे विसरणाऱ्यांतला मी नाही. पण ७१ साली जो उभा राहिला तो सोव्हिएत संघ होता आणि कीव त्यातच होतं. वायुसेनानगरवरून घरघरत जातं ते एएन-३२ विमान लहानपणी आपण गच्चीवर धावत जाऊन बघायचो ना? ते कीवच्या अँटोनोव्हचं. आपल्या नौदलाच्या कित्येक जहाजांची टर्बाइनं मिकोलाइवची. मैत्रीचा वारसा दोघांकडे आहे आणि एक जण दुसऱ्याच्या घरात घुसला आहे.

दिल्ली तटस्थ राहिली त्याचीही कारणं मला कळतात. २ मार्च २०२२ ला संयुक्त राष्ट्रांत रशियाच्या निषेधाचा ठराव आला, १४१ देश बाजूने, ५ विरोधात, ३५ तटस्थ. त्या ३५ मध्ये आपण. त्याच दिवशी काकूंची पोरगी तळघरात बसून होती आणि तिला बाहेर काढायला मॉस्को आणि कीव दोन्हीकडे बोलावं लागणार होतं. सरकारने हात वर केला नाही म्हणून मी त्याला दोष देणार नाही. स्वस्त तेलाचंही तेच. पण बंड्या, ही कारणं सरकारची आहेत. मला ना तेल घ्यायचं, ना विमानांचे सुटे भाग. मग मी कशाला तटस्थ राहू? पेपर वाचणाऱ्या माणसाला निदान कोण घुसलं आणि कुणावर घुसलं एवढं तरी मोकळेपणी म्हणता आलं पाहिजे.

अमेरिकेने इराकमध्ये काय केलं, गाझात काय होतंय, हे तू विचारशील. विचार. मला तेही तितकंच बोचतं. पण एका ठिकाणच्या पोरांची नावं घेऊन दुसऱ्या ठिकाणच्या पोरांना गप्प बसवायचं, हे मला जमत नाही.

गेल्या शुक्रवारी, ५ डिसेंबरला, पुतिन दिल्लीत होते. दिवसभर टीव्हीवर तेच. त्याच तारखेला १९९४ मध्ये बुडापेस्टला युक्रेनने जगातला तिसऱ्या क्रमांकाचा अण्वस्त्रसाठा सोडून देण्याच्या बदल्यात एक कागद घेतला. रशिया, अमेरिका आणि ब्रिटन, तिघांच्या सह्या: तुमच्या सीमांचा आम्ही आदर करू. २०१४ मध्ये क्रिमिया गेला. आता गेल्या महिन्यात अमेरिकेची २८ कलमी योजना बाहेर आली. पहिल्या मसुद्यात काय, तर पूर्वेकडच्या दोनेत्स्क प्रांताचा जो भाग अजून युक्रेनच्या ताब्यात आहे तोही सोडा, सैन्य सहा लाखांपर्यंतच ठेवा, नाटोचं नाव काढू नका. आणि बदल्यात पुन्हा हमी. शांतता मलाही हवी आहे रे, आजींची लाईट यावी म्हणून तरी हवी आहे. पण जिथे लोक आज राहतात ते शहर टेबलावर सोडून दिलं तर तिथल्या आज्यांनी कुठे जायचं, हे त्या २८ कलमांत मला सापडलं नाही.

आणि दूर, दूर म्हणतोस, तर मामाचं ऐक. हिंगणघाटला मामाचा यंदाचा कापूस. रशियाचं तेल घेतो म्हणून अमेरिकेने २७ ऑगस्टपासून आपल्या मालावर आणखी २५ टक्के शुल्क लावलं, एकूण ५० झालं. कपडे निर्यात करणारे अडचणीत. गिरण्यांना कापूस स्वस्तात मिळावा म्हणून सरकारने बाहेरच्या कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काढलं, तेही बरोबर आपला कापूस निघायच्या वेळी. लांब धाग्याचा हमीभाव ८११०, आणि व्यापारी दारात उभा राहून त्याच्या खाली मागतो. मामाला दोनेत्स्क कुठे आहे ते माहीत नाही. पण त्याच्या ओसरीत अजून कापूस पडून आहे.

तुझ्याकडे एक काम आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधान वॉर्सामधल्या कोल्हापूर स्मारकावर फूल वाहून मग आगगाडीने कीवला गेले, ते मी तुला तेव्हाच कळवलं होतं. तू म्हणालास, असेल काही. ते वळिवड्याचं आहे, बंड्या. तुझ्या घरापासून अर्ध्या तासावर. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ पासून १९४८ पर्यंत, तिथल्या छावणीत पाचेक हजार पोलिश माणसं राहत होती, त्यात बाया आणि पोरंच जास्त. स्टालिनने १९४० च्या सुमारास त्यांना घरांतून उचलून सायबेरियाला नेलं होतं, तिथून सुटून इराणमार्गे ती इकडे आली. आणि त्यांतल्या कित्येकांची गावं आजच्या पश्चिम युक्रेनमध्ये आहेत, लव्हिवच्या आसपास. तीच माती. कोल्हापूरच्या लोकांनी त्या वेळी युरोपातलं राजकारण कुठे वाचलं असेल? दारात आलेल्या बायापोरांना जागा दिली. मला ती जागा बघायची आहे. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात बाबांना घेऊन यायचा विचार आहे. काकूंची पोरगी रजा मिळाली तर येईन म्हणते. तू आधी एकदा जाऊन ये, तिथे आता काय उरलंय ते बघ, आणि गावात एखादं म्हातारं माणूस भेटलं तर विचार, त्या पोरांबरोबर कोणी खेळलं होतं का. बाबांना जिने चढवत नाहीत, तेव्हा राहायची सोय खालच्या मजल्यावरच बघ.

आंबिया बहाराची संत्री आता संपत आली आहेत. एक पेटी उद्याच्या ट्रॅव्हल्सने पाठवतोय, कंडक्टरचा नंबर फोनवर देतो. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
मन्या

ता. क. पाकीट चिकटवत होतो तर काकूंची पोरगी डोकावली. सुमीहून उत्तर आलंय. दुपारी चार तास लाईट होती. आजींनी तेवढ्यात पाणी भरून ठेवलं आणि दोन दिवसांचं सूप करून घेतलं.