किबेरातल्या चपात्यांसाठी आभार

नैरोबीच्या किबेरा वस्तीतल्या आमच्या पाळणाघरात मुलांचा वर्षअखेरचा कार्यक्रम छान झाला. इथल्या बऱ्याच घरांत रोजचं जेवण म्हणजे उगाली (मक्याच्या पिठाचा शिजवलेला घट्ट गोळा) आणि सुकुमा ही पालेभाजी, चपाती बहुतेकदा सणासुदीलाच. त्यामुळे पहाटे दारात पिठाचं पोतं ठेवून न बोलता निघून गेलात, त्या तुमचे आधी आभार. पाण्याचे 20 लिटरचे कॅन चिखलातून आणून देणारे बोडाबोडावाले (मोटारसायकल टॅक्सीवाले) दादा, आणि कामाचा खाडा करून जिकोवर, म्हणजे कोळशाच्या शेगडीवर, तेल सोडत पदर सुटलेल्या चपात्या भाजणाऱ्या शेजारणी, गडबडीत तुमची नावंही विचारायची राहिली. एका चिमुरडीने अर्धी चपाती घडी घालून खिशात ठेवली, घरच्या तान्ह्या भावासाठी. तिला दुसरी देता आली ती तुमच्यामुळेच. असांते साना! मनापासून आभार.