टर्नओव्हर म्हणजे ‘उलाढाल’ नव्हे : ब्राउन्सच्या भोपळ्यावरील मालिकेबाबत तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
मराठी ध्वनिमालिका विभाग

विषय : क्लीव्हलंड ब्राउन्स या अमेरिकन फुटबॉल संघाच्या २०१७ च्या हंगामावरील (सोळापैकी सोळा पराभव, ०-१६) सशुल्क मालिकेतील चुका, त्यांची दुरुस्ती आणि रक्कम परत मिळण्याबाबत.

महोदय,

आपल्या ॲपवरील वरील विषयाची आठ भागांची मालिका आम्ही पैसे भरून विकत घेतली. ‘अमेरिकन फुटबॉलच्या जाणकारांनी मराठीत लिहिलेली’ अशी तिची जाहिरात होती. प्रत्यक्षात इंग्रजी मजकूर यंत्रात घालून जे बाहेर पडले तेच निवेदकाच्या हाती दिलेले दिसते. निवेदकाचा आवाज उत्तम आहे, त्याबद्दल तक्रार नाही.

पहिल्या भागात ‘ब्राउन्सची उलाढाल उणे २८ होती’ असे वाक्य येते. ऐकणाऱ्याला वाटेल संघाचे दुकान तोट्यात गेले. इथे टर्नओव्हर म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हाती जाणे : फेकलेला पास त्यांनी झेलला तर इंटरसेप्शन, हातातून सुटलेला चेंडू त्यांनी उचलला तर गमावलेला फंबल. त्या हंगामात ब्राउन्सने ४१ वेळा चेंडू गमावला आणि १३ वेळा हिसकावला. फरक उणे २८, लीगमध्ये सर्वांत वाईट. पुढे ‘स्नॅप’चे (चेंडू मागे देऊन चाल सुरू करणे) छायाचित्र झाले आहे, ‘बाय वीक’चा (सामना नसलेला आठवडा) निरोपाचा आठवडा, आणि ‘सॅक’चे (पास फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला फेकण्याआधीच पाडणे) चक्क पोते. ब्राउन्सच्या जो थॉमस या लेफ्ट टॅकलने (क्वार्टरबॅकचे रक्षण करणारा खेळाडू) सलग १०,३६३ स्नॅप खेळून काढले आणि २२ ऑक्टोबर २०१७ रोजी टायटन्सविरुद्ध दंडाचा स्नायू फाटल्याने तो बाहेर गेला. आपल्या मालिकेत त्याने १०,३६३ छायाचित्रे काढली आहेत.

नुसते शब्द चुकले असते तर हसून सोडून दिले असते. पण ‘उलाढाल’ म्हटल्यामुळे हंगाम का बुडाला हेच श्रोत्याला कळत नाही. चार प्रयत्नांत दहा यार्ड, नाहीतर चेंडू सोडा, असा हा खेळ. चौथ्या प्रयत्नात पंट मारून, म्हणजे लाथेने, चेंडू निदान लांब तरी ढकलता येतो. इंटरसेप्शन झाले की उरलेले प्रयत्न जातात आणि मैदानावरची जागाही जाते. एका टर्नओव्हरची किंमत ढोबळ हिशेबाने चार गुण धरतात. २८ गुणिले ४ म्हणजे ११२. ब्राउन्सने केले २३४ गुण, दिले ४१०, तूट १७६. तिच्यातला निम्म्याहून मोठा वाटा या एका आकड्याचा आहे. ड्राफ्टच्या, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीच्या, दुसऱ्या फेरीत, ५२ व्या क्रमांकावर घेतलेल्या डीशोन कायझर या नवख्या क्वार्टरबॅकला १५ सामन्यांत सुरुवातीपासून उतरवले. त्याचे ११ टचडाउन पास (चेंडू गोलरेषेपलीकडे नेऊन गुण देणारे) आणि २२ इंटरसेप्शन. यातले काहीही मालिकेत नाही. त्याऐवजी तिसरा भाग संपूर्ण ‘क्लीव्हलंडला लागलेल्या शापा’वर खर्ची घातला आहे.

चौथ्या भागात ‘सोळाही सामन्यांत धुव्वा उडाला’ असे ठामपणे सांगितले आहे. हे खोटे आहे. स्टीलर्सविरुद्ध १८-२१, कोल्ट्सविरुद्ध २८-३१, जेट्सविरुद्ध १४-१७, टायटन्सविरुद्ध जादा वेळेत ९-१२ : चार पराभव नेमक्या तीन गुणांनी, म्हणजे एका फील्ड गोलने. पॅकर्सविरुद्ध चौथ्या क्वार्टरमध्ये २१-७ अशी आघाडी होती. ती गेली, जादा वेळेत कायझरने अंगावर बचावपटू येत असताना चेंडू वर भिरकावला, इंटरसेप्शन झाले आणि निकाल २१-२७. शेवटचा सामना ३१ डिसेंबरला पिट्सबर्गमध्ये, २४-२८. स्टीलर्सचा मुख्य क्वार्टरबॅक बेन रॉथलिसबर्गर त्या दिवशी खेळलाच नव्हता. अखेरच्या दोन मिनिटांत, चौथ्या प्रयत्नात पास ब्राउन्सच्या कोरी कोलमनच्या हातात येऊन निसटला. गुणांच्या प्रमाणावरून विजयांचा अंदाज काढण्याचे जे सूत्र वापरतात, त्याने २३४ आणि ४१० वर तीन-साडेतीन विजय यायला हवेत. आला भोपळा. संघ वाईट होताच, पण ०-१६ इतका नव्हता, आणि या फरकातच ऐकण्यासारखी खरी गोष्ट आहे. तुलनाच हवी होती तर २००८ च्या डेट्रॉइट लायन्सची करायची : तेही ०-१६, पण २६८ गुण केले आणि ५१७ दिले. सोळा सामन्यांच्या हंगामात ‘पहिल्यांदाच भोपळा’ हे आपले विधानही त्यामुळे आपोआप निकालात निघते.

पहिल्याच सामन्यात पहिल्याच पंटवर काय झाले, हे कोणत्याही जाणकाराने आधी सांगितले असते. पंट अडवला गेला, चेंडू गोलरेषेपलीकडे स्टीलर्सच्या हाती लागला आणि टचडाउन झाले. पराभव तीन गुणांनी. पहिल्या घासाला खडा. मालिकेत त्याचा उल्लेख नाही.

सहाव्या भागात ड्राफ्टला ‘मसुदा’ म्हटले आहे (‘मसुद्यात पहिला क्रमांक’ ऐकताना विधिमंडळ डोळ्यांसमोर येते) आणि वर, सर्वांत वाईट संघाला पहिली निवड मिळते म्हणून ब्राउन्स मुद्दाम हरत होते, असा निष्कर्ष काढला आहे. आमच्या मते तो चूक आहे. व्यवस्थापनाचे धोरण ड्राफ्टमधल्या निवडी साठवण्याचे होते, आणि सगळे व्यवहार आतबट्ट्याचे नव्हते. मार्च २०१७ मध्ये त्यांनी टेक्सन्सकडून ब्रॉक ऑसवायलर हा क्वार्टरबॅक त्याच्या एक कोटी साठ लाख डॉलरच्या वेतनहमीसकट उचलला, कारण सॅलरी कॅपमध्ये (संघाच्या एकूण वेतनखर्चाची मर्यादा) जागा पडून होती आणि सोबत २०१८ ची दुसऱ्या फेरीची निवड मिळत होती. ऑसवायलरला हंगामाआधीच सोडले. ती निवड पुढे ३५ व्या क्रमांकावर निक चब (चेंडू घेऊन धावणारा खेळाडू) घ्यायला कामी आली. घोडे अडले क्वार्टरबॅकपाशी. २०१६ ला दुसरा क्रमांक ईगल्सना दिला, त्यांनी कार्सन वेन्ट्झ घेतला. २०१७ ला बारावा टेक्सन्सना दिला, त्यांनी डीशॉन वॉटसन घेतला. (त्याच वॉटसनसाठी २०२२ मध्ये ब्राउन्सने पहिल्या फेरीच्या तीन निवडी मोजल्या आणि त्याला तेवीस कोटी डॉलरच्या पूर्ण हमीचा करार दिला.) कोठीत धान्य भरपूर, पण चूल पेटवायला कोणी नाही, अशी अवस्था होती. याला मुद्दाम हरणे म्हणत नाहीत.

बेंगल्सचा राखीव क्वार्टरबॅक एजे मॅकॅरन याचा सौदा ‘किमतीवरून फिसकटला’ हेही चूक. किंमत ठरली होती : दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीची एकेक निवड. ३१ ऑक्टोबरला दुपारी चारची मुदत होती, आणि दोन्ही संघांची संमती तोपर्यंत लीगच्या कार्यालयात पोहोचावी लागते. ती पोहोचली नाही, सौदा रद्द झाला.

शेवटच्या भागातली चूक तर अक्षम्य आहे. हंगाम संपताच प्रशिक्षक ह्यू जॅक्सन यांना काढले, असे आपण सांगता. काढले गेले ते साशी ब्राउन, म्हणजे खेळाडू निवडणारे प्रमुख, आणि तेही हंगाम चालू असताना, ७ डिसेंबरला. त्यांच्या जागी जॉन डॉर्सी आले. जॅक्सन दोन हंगामांत १-३१ करूनही टिकले, दिलेला शब्द पाळून उन्हाळ्यात ईरी सरोवरात उडीही मारून आले, आणि २९ ऑक्टोबर २०१८ रोजी गेले. त्याआधी २० सप्टेंबरला जेट्सविरुद्ध २१-१७ असा विजय मिळून भोपळा फुटला होता. ६ जानेवारी २०१८ ची चाहत्यांची मिरवणूक मात्र आपण ‘विजय मिरवणूक’ म्हणून वर्णिली आहे. ती कडाक्याच्या थंडीत, स्टेडियमभोवती, शून्याचा आकार करत निघाली होती. निषेधाला जल्लोष म्हणणे हे यंत्रालाच जमू शकते.

आमच्या मागण्या अशा. मालिका विक्रीतून तात्पुरती काढावी. संहिता खेळ कळणाऱ्या माणसाकडून नव्याने लिहून घ्यावी. क्वार्टरबॅक, टर्नओव्हर, स्नॅप, ड्राफ्ट, पंट हे शब्द तसेच ठेवून पहिल्यांदा येतील तिथे एका वाक्यात अर्थ सांगावा. दुरुस्त भाग जुन्या ग्राहकांना विनामूल्य द्यावेत. ज्यांना ते नको असतील त्यांना पूर्ण रक्कम परत करावी, ॲपमधील ‘पॉइंट’च्या रूपात नव्हे. जाहिरातीतला ‘जाणकारांनी लिहिलेली’ हा दावा संहिता बदलेपर्यंत उतरवावा.

३० दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवेतील उणीव आणि दिशाभूल करणारी जाहिरात या दोन मुद्द्यांवर आम्ही दाद मागू; आरंभ राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ पासून करू.

कळावे,

आपले विश्वासू,
मालिकेचे सशुल्क श्रोते

सोबत : १) खरेदीच्या पावत्या. २) चुकांचा तक्ता, भाग आणि मिनिटानुसार. ३) सोळा सामन्यांचे निकाल, तारखांसह. ४) जाहिरातीचा स्क्रीनशॉट.