संशोधन करायला शिकवणारे प्रमाणपत्र खान्देशाला हवे : उच्च व तंत्र शिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, उच्च व तंत्र शिक्षण,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठामार्फत संशोधन कौशल्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम सुरू होण्यासाठी शासनाचे साहाय्य मिळणेबाबत.

महोदय,

नंदुरबार जिल्ह्यातील एका अनुदानित महाविद्यालयात मी अर्थशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गांना शिकवतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार २०२३-२४ पासून आपल्या राज्यात पदव्युत्तर अभ्यासक्रमांची जी नवी रचना आली, तिच्यात पहिल्या वर्षी संशोधन पद्धतीचे ४ श्रेयांक (क्रेडिट) आणि दुसऱ्या वर्षी संशोधन प्रकल्पाचे आधी ४ व नंतर ६ श्रेयांक आहेत. एम.ए., एम.कॉम. वा एम.एस्सी. करणाऱ्या प्रत्येकाने थोडे तरी संशोधन करावे, ही अपेक्षा शासनाने अशी लेखी नोंदवली आहे आणि ती रास्तच आहे. परंतु हे संशोधन हाताला धरून शिकवणार कोण, कुठे आणि कोणत्या वेळात, हा प्रश्न त्या रचनेत सुटलेला नाही. तो विद्यापीठाच्या एका नेटक्या प्रमाणपत्र अभ्यासक्रमातून सोडवता येईल, असे माझे म्हणणे आहे.

सध्या होते ते असे. संशोधन पद्धतीचा पेपर आम्ही इतर कोणत्याही पेपरसारखाच शिकवतो. गृहीतकाची वैशिष्ट्ये लिहा, नमुना निवडीचे प्रकार सांगा, प्रश्नावली व अनुसूची यांतील फरक स्पष्ट करा. विद्यार्थी गाइड पाठ करतो, चांगले गुण मिळवतो आणि एकही नमुना न निवडता नमुना निवडीत उत्तीर्ण होतो. मग प्रकल्पाची वेळ येते. तालुक्याच्या गावातील झेरॉक्सच्या दुकानात प्रकल्प तयार मिळतात. नाव, आसनक्रमांक आणि महाविद्यालय बदलले की सोनेरी अक्षरांचे बाइंडिंग होऊन दुसऱ्या दिवशी प्रत हातात. असा एक प्रकल्प तोंडी परीक्षेच्या वेळी माझ्यासमोर आला. विषय शहादा तालुक्यातील महिला बचत गटांचा होता आणि ऋणनिर्देशात आभार मानले होते विदर्भातील एका महाविद्यालयाच्या ग्रंथपालांचे. मुलगा लबाड नव्हता. घरची शेती सांभाळून, रोज एस.टी.ने ये-जा करून शिकणारा होता. प्रकल्प म्हणजे बाइंडिंग केलेले शंभर पानांचे पुस्तक, याहून वेगळे काही असते हे त्याला कोणी दाखवलेलेच नव्हते.

पूर्वी एम.ए. आणि पीएच.डी. यांच्यामध्ये एम.फिल.ची पायरी होती. तिचे गोडवे मी गाणार नाही, कारण तिथेही पाट्या टाकण्याचे काम बरेच चाले. तरीही एक लहानसा विषय घेऊन तो तडीस नेण्याचा सराव ज्यांना करायचा होता त्यांना तिथे जागा होती. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नोव्हेंबर २०२२ च्या नियमावलीने एम.फिल. बंद झाली, आणि त्याच नियमावलीनुसार चार वर्षांची पदवी ७५ टक्के गुणांनी पूर्ण करणाऱ्याला थेट पीएच.डी.च्या प्रवेशप्रक्रियेत उतरता येते. पीएच.डी.साठी किमान १२ श्रेयांकांचे कोर्सवर्क आहे खरे, पण ते प्रवेश मिळाल्यानंतर. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य शासनाच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्याही पीएच.डी.ची नोंदणी झाल्यावरच मिळतात. म्हणजे प्रशिक्षण आणि पैसा दोन्ही दाराच्या आत ठेवलेले आहेत. दारापर्यंत यायचे ते ज्याचे त्याने. पुण्या-मुंबईच्या मुलांना तिथवर पोहोचवणारी माणसे आजूबाजूला असतात. तळोद्याच्या किंवा पारोळ्याच्या मुलाला ती सहसा नसतात.

शिकवणे म्हणजे काय, ते एका उदाहरणाने सांगतो. माझ्या एका विद्यार्थिनीने धडगाव तालुक्यातील पाड्यांवरून होणाऱ्या हंगामी स्थलांतराचा विषय घेतला. तिने जुन्या प्रबंधातून प्रश्नावली उतरवून आणली होती आणि तिच्यात पहिलाच प्रश्न होता, ‘आपले मासिक उत्पन्न किती?’ पुढे चार चौकटी. ज्या घरातली माणसे दिवाळीनंतर मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेऊन गुजरातेत ऊसतोडीला जातात, होळीला गावी येतात आणि ज्यांचा हिशेब हंगाम संपल्यावर होतो, त्या घरात महिन्याचे उत्पन्न म्हणून काही नसते. तरीही माणसे उत्तर देतात, कारण समोर कागद-पेन घेऊन आलेली मुलगी त्यांना सरकारी वाटते. आणि ते उत्तर तक्त्यात जाऊन बसते, त्याची टक्केवारी निघते, वर्तुळाकृती आलेखही निघतो. ती प्रश्नावली आम्ही बाजूला ठेवली. उचल किती घेतली, घरातले किती जण गेले, किती दिवस कोयता चालला, परत येताना अंगावर किती फिरले, म्हणजे किती उचल फिटायची राहिली, असे प्रश्न तिने पावरी बोलीत विचारायला सुरुवात केली आणि उत्तरांची वही भरू लागली. ‘पूर्णतः सहमत’पासून ‘पूर्णतः असहमत’पर्यंतची पाच उत्तरांची शिडीही गळाली, कारण त्या बायका प्रत्येक विधानाला हो म्हणत होत्या. या सगळ्याला अनेक आठवडे लागले आणि त्यातला एकही तास वेळापत्रकात नव्हता. हे एका मुलीच्या बाबतीत जमले. वर्गातल्या सगळ्यांच्या बाबतीत जमत नाही.

खान्देशात विषयांना तोटा नाही. इतिहासाचार्य राजवाड्यांचे निधन धुळ्यात झाले आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ १९२७ पासून तिथे उभे आहे, पण तिथली मोडी कागदपत्रे वाचू शकणारे विद्यार्थी आमच्या इतिहासाच्या वर्गांत शोधावे लागतात. अमळनेरला तत्त्वज्ञान मंदिर १९१६ मध्ये स्थापन झाले. ग्रिअर्सनच्या भाषा सर्वेक्षणाचा भिल्ली बोली आणि खान्देशी यांवरचा भाग १९०७ साली छापला गेला. त्यानंतर अहिराणीवर काम झाले, तरी मावची, पावरी, भिलोरी घरी बोलणारी जी मुले आज आमच्या बाकांवर बसतात, त्यांना आपल्या आजीचे बोलणे हे अभ्यासाचे साधन वाटत नाही. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्या केळीवर येणारा सी.एम.व्ही. हा विषाणूजन्य रोग, रावेर-यावल पट्ट्यात खोल खोल जाणाऱ्या कूपनलिका, नंदुरबारातील सिकलसेल यांवर बाहेरचे लोक येऊन अभ्यास करतात आणि आमची मुले त्यांना गावातले रस्ते दाखवतात.

म्हणून जो अभ्यासक्रम मागतो आहे तो साधारण असा असावा. एम.ए., एम.कॉम., एम.एस्सी. करणाऱ्यांसाठी पदवीच्या जोडीने वर्षभराचा, १२ श्रेयांकांचा, म्हणजे राष्ट्रीय श्रेयांक आराखड्याच्या हिशेबाने ३६० तासांचा. त्यातला निम्म्याहून अधिक वेळ क्षेत्रावर, दप्तरखान्यात किंवा प्रयोगशाळेत जावा. मिळालेले श्रेयांक अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स या विद्यार्थ्याच्या ऑनलाइन श्रेयांक-खात्यात जमा व्हावेत. वर्ग शनिवार-रविवारी आणि दिवाळीच्या सुट्टीत भरावेत, आणि ते केवळ जळगावला नव्हे तर धुळे व नंदुरबार येथेही भरावेत, कारण मोलगीहून जळगावला जाऊन यायचे तर दोन दिवस मोडतात. प्रश्न नेमका कसा मांडायचा, शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात आधीचे प्रबंध कसे पाहायचे, झोटेरोसारख्या मोफत साधनात संदर्भ कसे ठेवायचे, जनगणनेच्या तक्त्यांतून आपल्या तालुक्याचा आकडा कसा काढायचा, मुलाखत ध्वनिमुद्रित करण्याआधी संमती कशी घ्यायची, हे सर्वांना शिकवावे. त्यापुढे ज्याच्या त्याच्या विषयाप्रमाणे मोडी वाचन, संख्याशास्त्र, नकाशे किंवा बोलींचे लेखन. शिकवणे मराठीत असावे आणि इंग्रजी शोधनिबंध ओळीओळीने वाचून घेण्यासाठी वेगळे तास ठेवावेत; इंग्रजीच्या भीतीपोटी आमची बरीच मुले गेल्या वीस वर्षांतले लेखन उघडूनच पाहत नाहीत.

हजेरीवर प्रमाणपत्र देऊ नये, ही माझी सर्वांत आग्रहाची विनंती आहे. सात दिवसांच्या ऑनलाइन कार्यशाळा आणि शेवटी फीडबॅक फॉर्म भरला की ई-मेलवर येणारे रंगीत प्रमाणपत्र, यांचा आपल्याकडे सुकाळ आहे. इथे विद्यार्थ्याने स्वतः गोळा केलेली आणि दुसऱ्याला तपासता येईल अशी माहिती, कागदपत्रांची वर्णनात्मक यादी किंवा प्रयोगाची नोंदवही विद्यापीठाच्या ग्रंथालयात जमा करावी, बाहेरच्या परीक्षकापुढे तिचे समर्थन करावे आणि मगच प्रमाणपत्र मिळावे. केंद्राच्या ‘स्वयम्’ या ऑनलाइन मंचावर असे अभ्यासक्रम आहेतच, असे आपल्याला सांगितले जाईल. आहेत, आणि त्यांतली काही व्याख्याने उत्तम आहेत. पण स्वयम् कुणाची प्रश्नावली लाल शाईने दुरुस्त करून देत नाही.

नियतकालिकांची निवड हाही एक भाग आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने आपली मान्य नियतकालिकांची ‘केअर’ यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केल्यापासून कोणते नियतकालिक खरे आणि कोणते पैसे घेऊन काहीही छापणारे, हे ओळखण्याची जबाबदारी संस्थांवर आणि संशोधकांवर आली आहे. ‘आठ दिवसांत शोधनिबंध प्रसिद्ध’ अशा जाहिराती मुलांच्या व्हॉट्सॲपवर येतच असतात. दुसरीकडे, केंद्राच्या ‘एक राष्ट्र एक वर्गणी’ योजनेने १ जानेवारी २०२५ पासून सुमारे १३ हजार नियतकालिके खुली झाली. मात्र ती शासनाच्या व्यवस्थापनाखालील संस्थांसाठी आखलेली योजना आहे आणि खान्देशातील बहुतेक महाविद्यालये खासगी शिक्षण संस्थांची आहेत. या अभ्यासक्रमात नाव घातलेल्या प्रत्येकाला विद्यापीठाचा विद्यार्थी मानून ती नियतकालिके वाचायला मिळाली, तर एवढ्यानेही पुष्कळ साधेल.

शिकवायला माणसे कुठून आणणार, हा प्रश्न निघेलच. नेट-सेट झालेले, पीएच.डी. मिळवलेले कितीतरी तरुण आमच्या तिन्ही जिल्ह्यांत तासिका तत्त्वावर राबत आहेत आणि मानधनाची बिले मंजूर होण्याची वाट पाहत आहेत. प्रत्येक आठ-दहा विद्यार्थ्यांमागे त्यांच्यापैकी एकाला मार्गदर्शक नेमून वेळेवर मानधन दिले, तर दोघांचेही भले होईल. रिक्त पदे भरण्याला हा पर्याय नाही, हे मुद्दाम नोंदवतो. तसा अर्थ कोणी काढू नये.

अभ्यासक्रमाला मान्यता देणे हे विद्या परिषदेचे काम आहे, ते मी आपल्याकडे मागत नाही. आपल्याकडून हवी आहे ती मार्गदर्शकांच्या मानधनासाठी स्वतंत्र तरतूद, नंदुरबार व धुळे केंद्रांवर संगणक कक्ष, आणि पाड्यांवरून येणाऱ्या मुलामुलींसाठी प्रवासखर्च व वर्गांच्या दिवसांत वसतिगृहात राहण्याची सोय. भूजल सर्वेक्षण यंत्रणा, कृषी विभाग आणि आदिवासी विकास विभाग यांची जिल्हा कार्यालये विद्यार्थ्यांना आकडे दाखवायला का-कू करतात. त्यांना आपल्या विभागाने पत्र पाठवले तर बंद कपाटे उघडतील. पहिल्या दोन तुकड्यांचे जमा झालेले काम बाहेरच्या विद्यापीठांतील अभ्यासकांकडून तपासून घ्यावे, त्यांचा अहवाल विद्यापीठाने जसाच्या तसा प्रसिद्ध करावा, आणि काम सुमार निघाले तर मानधनासह अभ्यासक्रम बंद करावा; त्याला माझी हरकत असणार नाही.

आपला विश्वासू,
पदव्युत्तर वर्गांचा एक प्राध्यापक,
जि. नंदुरबार